हिवरे बाजार : पाण्याचा ताळेबंद मांडणारे गाव

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यछायेच्या प्रदेशातील छोटे गाव. वार्षिक सरासरी पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९७२च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या आणि रोजगाराच्या शोधात अनेक कुटुंबांनी गाव सोडले.

१९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि चित्र पालटू लागले. पुढील दशकात आदर्श गाव योजनेत गावाचा समावेश झाला. श्रमदान व शासकीय निधीच्या आधारे डोंगरउतारावर समतल चर, ओढ्यांवर बंधारे आणि वृक्षलागवड अशी कामे झाली. कुऱ्हाडबंदी व चराईबंदीमुळे माती धरून ठेवणारे गवत आणि झाडे टिकली.

मात्र पाणी अडवले तरी उपशाला मर्यादा नसेल, तर विहिरी पुन्हा कोरड्याच. म्हणून सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास, तसेच ऊस, केळी यांसारख्या पिकांना गावाने मज्जाव केला. पावसाळा सरला, की पर्जन्यमापकाच्या नोंदी व विहिरींची पातळी पाहून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. माणसे आणि जनावरे यांच्या पिण्याचे पाणी आधी राखून ठेवायचे; उरेल त्यावर रब्बीची पिके ठरवायची. पाऊस कमी झाल्यास अधिक पाणी पिणाऱ्या पिकांचा मोह सोडावा लागतो.

पवार यांना २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली. विहीर ज्याच्या शेतात, पाणीही त्याचेच, हा रूढ समज बाजूला सारून भूजल साऱ्या गावाचे मानणे, हेच या प्रयोगाचे मर्म आहे.