इसिनबायेव्हा, येलेना

इसिनबायेव्हा, येलेना : (३ जून १९८२ – ). रशियाची पोल व्हॉल्टपटू. पाच मीटर उंची ओलांडणारी जगातील पहिली महिला. जन्म व्होल्गोग्राडचा. पाचव्या वर्षापासून ती जिम्नॅस्टिक्स शिकत होती. पण अंगकाठी उंच होत गेली आणि पंधराव्या वर्षी तो खेळ सुटला. प्रशिक्षक येवगेनी त्रोफिमोव्ह यांनी तिला पोल व्हॉल्टकडे वळवले. वाकलेल्या पोलला लटकून शरीर उलटे करायचे, पाय आभाळाकडे नेत दांडीवरून गिरकी घ्यायची, हे कसब तिच्या अंगात आधीच मुरलेले होते. तिच्या उडीची डौलदार सफाई त्या जिम्नॅस्टिक्सचीच देणगी म्हटली पाहिजे.

महिलांचा पोल व्हॉल्ट ऑलिंपिकमध्ये आला तोच मुळी २००० साली, सिडनीत. तेथे ती पात्रता फेरीत बाद झाली. २००३ मध्ये गेट्सहेडला ४.८२ मी. उडी मारून तिने पहिला विश्वविक्रम केला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ४.९१ मी. या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. २२ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये तिने आधी ४.९६ मी.चा विक्रम केला आणि त्याच संध्याकाळी ५.०० मी. पार केले. पुढे काही वर्षे तिने विख्यात पोल व्हॉल्टपटू सर्गेई बुबकाचे पूर्वीचे प्रशिक्षक विताली पेत्रोव्ह यांच्याकडे सराव केला.

तिच्या खेळाचा खरा कस बीजिंगला (२००८) दिसला. ४.८५ मी.वरच सुवर्ण निश्चित झाले होते. तरीही ती थांबली नाही. आधी ४.९५ मी. आणि मग तिसऱ्या, अखेरच्या प्रयत्नात ५.०५ मी. झेपावून तिने नवा विश्वविक्रम रचला. मैदानात प्रतिस्पर्धी उरत नसे, तेव्हा स्वतःच्याच विक्रमाशी झुंजणे ही तिची रीत होती. दोन उड्यांच्या मधल्या वेळात ती चेहरा झाकून पडून राही आणि धावण्याआधी पोलशी पुटपुटत बोले.

२००९ च्या बर्लिन विश्वस्पर्धेत तिला एकही उंची पार करता आली नाही. मात्र त्याच महिन्यात झुरिकला तिने ५.०६ मी. उडी मारली, हा विश्वविक्रम आजवर अबाधित आहे. लंडन ऑलिंपिकमध्ये (२०१२) तिला कांस्यपदक मिळाले, तर २०१३ मध्ये मॉस्कोत ती तिसऱ्यांदा मैदानी विश्वविजेती झाली. त्या स्पर्धेच्या वेळी रशियाच्या समलैंगिकताविरोधी कायद्याची तिने पाठराखण केली आणि तिच्यावर जगभर टीका झाली. ती रास्तच होती.

उत्तेजक चाचणीत ती कधीही दोषी ठरली नाही. पण उत्तेजकांच्या प्रकरणावरून रशियाच्या ॲथलेटिक्स संघावर आलेल्या बंदीमुळे २०१६ चे रिओ ऑलिंपिक हुकले. त्याआधी जूनमध्ये, मुलीच्या जन्मानंतर दोन वर्षांनी, तिने चेबोक्सारीला ४.९० मी. उडी मारली होती. रिओत सुवर्णपदक ४.८५ मी.वर ग्रीसच्या एकातेरिनी स्तेफानिदीला मिळाले. त्याच दिवसांत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगावर निवडून आलेल्या इसिनबायेव्हाने तेथेच निवृत्ती जाहीर केली.