खंजिरी आणि चिमूर : चांदा जिल्ह्यातील एका भजनपरंपरेचा इतिहास

वैनगंगा आणि वर्धा या दोन नद्यांच्या परिसरात पसरलेला पूर्वीचा चांदा जिल्हा हा मुख्यतः अरण्याचा प्रदेश होय. या जिल्ह्याचे नाव १९६४ मध्ये चंद्रपूर असे झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. येथील राजकीय इतिहास लिहिताना सामान्यतः गोंड राजघराणे, १८५८ मध्ये चांदा येथे फाशी गेलेले बाबूराव शेडमाके आणि १९४२ चा चिमूरचा उठाव यांचा निर्देश केला जातो. यांपैकी शेवटच्या घटनेत एका वाद्याचा आणि त्याभोवती गाणाऱ्या मंडळींचा वाटा किती होता, हा प्रश्न मात्र बहुधा भक्तीच्या किंवा अभिमानाच्या भरात एका वाक्यात निकालात काढला जातो. गाणे लोकांना उठवू शकते काय, आणि उठलेल्या लोकांनी जे केले त्याची जबाबदारी गाण्यावर किती येते, हा या प्रश्नाचा खरा गाभा आहे.

ते वाद्य म्हणजे खंजिरी. लाकडाचे एक कडे, त्याच्या एका बाजूस ताणून बसविलेले कातडे आणि कड्याच्या खाचांत अडकविलेल्या पितळी चकत्या, एवढाच तिचा संसार. मृदंगाला किंवा तबल्याला जी तालीम लागते ती खंजिरीला लागत नाही. ती खांद्याच्या झोळीत मावते, चालता चालता वाजविता येते आणि ध्वनिक्षेपकावाचून मोकळ्या मैदानात ऐकू जाते. तिचा आवाज मधुर नाही. तो कोरडा आणि निकडीचा आहे. तिच्या साथीने म्हटल्या जाणाऱ्या भजनाची रचनाही तशीच सुटसुटीत असते. मुख्य गायक ध्रुपद म्हणतो, झीलकरी ते उचलतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनापर्यंत समोर बसलेला गावही झीलकऱ्यांत सामील होतो. ऐकणारा आणि गाणारा हा भेद अशा रीतीने फार वेळ टिकत नाही. पुढील सर्व विवेचनाच्या दृष्टीने हा गुण महत्त्वाचा आहे.

या भजनास एका मोठ्या लोकशक्तीचे रूप दिले ते तुकडोजी महाराजांनी. त्यांचा जन्म १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. माणिक बंडोजी इंगळे हे त्यांचे मूळ नाव. ‘तुकड्या’ हे नाव वरखेडचे गुरू आडकोजी महाराज यांनी दिलेले. तरुणपणी ते रामटेक, सालबर्डी, रामदिघी व गोंदोडा येथील अरण्यांत राहिले. यांपैकी रामदिघी आणि गोंदोडा ही ठिकाणे चिमूरच्या परिसरातील आहेत. गोंदोड्याची गुंफा आजही त्यांची तपोभूमी म्हणून ओळखली जाते. चिमूरकरांशी त्यांचा संबंध हा १९४२ च्या आंदोलनाच्या निमित्ताने अकस्मात जुळलेला नव्हता. त्यामागे कित्येक वर्षांचा परिचय होता. १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये महाराज गांधीजींच्या सहवासात सेवाग्रामला राहून आले. या मुक्कामानंतर त्यांच्या पदांतील वैराग्याच्या जोडीस ग्रामसफाई, अस्पृश्यतानिवारण, व्यसनमुक्ती आणि देशाची पराधीनता हे विषय अधिक ठळकपणे दिसू लागले. ही पदे मराठीबरोबर हिंदीतही होती. ज्या जिल्ह्यात एका बाजूस झाडीबोली, दुसऱ्या बाजूस गोंडी आणि दक्षिण सीमेवर तेलुगू बोलली जाते, तेथे साध्या हिंदीतील पद हे अधिक दूरवर पोहोचणारे साधन ठरावे, यात नवल नाही.

परकीय सत्तेच्या काळी सार्वजनिक शब्दावर कोणते निर्बंध होते हे लक्षात घेतल्यास या साधनाचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. १८७६ च्या कायद्याने नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारास मिळाला होता. १९३१ च्या कायद्यान्वये छापखान्यांकडून व वृत्तपत्रांकडून जामीन मागता येत असे आणि तो जप्तही करता येत असे. परंतु भजनास ना छापखाना लागत होता, ना रंगमंच, ना तिकीट. त्याचे पाठ कागदावर नसून कंठात होते. जप्त करावे असे त्याजवळ काहीच नव्हते. देवळासमोर सायंकाळी जमलेला समुदाय हा कायद्याच्या दृष्टीने राजकीय सभा नव्हता. गावोगावी स्थापन झालेल्या आरती मंडळांनी या समुदायास नियमित वेळ, बसण्याची शिस्त आणि परस्परांची ओळख दिली. राजकीय संघटनेला जे कमवावयास वर्षे लागतात ते या मंडळांना भजनाच्या ओघात लाभले.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला आणि पुढाऱ्यांची धरपकड झाली. चिमूर हे तेव्हा वरोरा तहसिलीतील एक मोठे गाव होते. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, तेथे मिरवणूक निघाली. तत्पूर्वीच्या दिवसांत महाराजांच्या भजनांनी गावातील वातावरण भारलेले होते, ही गोष्ट सर्वमान्य आहे. झाडे, दगड आणि भक्तगण यांनाच लढ्याची सामग्री मानणारे त्यांचे एक पद त्या काळी सर्वतोमुखी होते. मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्यात बालाजी रायपूरकर हा किशोरवयीन मुलगा मारला गेला. त्यानंतर जमाव अनावर झाला. उपविभागीय अधिकारी डुंगाजी आणि नायब तहसीलदार सोनवणे यांच्यासह चार सरकारी माणसे ठार झाली. गावाकडे येणारे रस्ते अडविण्यात आले आणि तीन दिवसपर्यंत तेथे इंग्रजी अंमल उरला नाही.

१९ ऑगस्टला लष्कराची तुकडी चिमुरात शिरली. पुढे जे घडले ते या जिल्ह्याच्या स्मृतीत अद्याप ताजे आहे. पुरुषांची सरसकट धरपकड झाली, घरे लुटली गेली आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. गावावर सामुदायिक दंड बसविण्यात आला. अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातील प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. त्याच्या बातम्या छापण्यासही सरकारने मनाई केली होती. उपोषण जानेवारी १९४३ मध्ये सुटले. चिमूर व आष्टी येथील खटल्यांत अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. अनसूयाबाई काळे आदींनी त्यांच्या बचावासाठी अविश्रांत खटपट केली आणि १९४५ मध्ये उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलण्यात आल्या. स्वतः तुकडोजी महाराजांना २८ ऑगस्ट १९४२ रोजी चंद्रपूर येथे अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांची सुटका झाली.

या घटनांचा अर्थ दोन प्रकारे लावला गेला आहे. शासनाच्या दृष्टीने गायक हा कटाचा सूत्रधार होता; भक्तांच्या दृष्टीने भजन हा चमत्कार होता आणि त्याच्या स्पर्शाने भोळाभाबडा गाव एका रात्रीत क्रांतिकारक झाला. वरवर पाहता ही मते परस्परविरुद्ध वाटतात. परंतु त्यांचे मूळ एकच आहे. दोन्ही मतांत चिमूरच्या माणसांना स्वतःची बुद्धी नाही. ती कोणाच्या तरी शब्दाने हलणारी बाहुली आहेत. वस्तुतः युद्धकाळातील महागाई, जंगलखात्याच्या निर्बंधांचा जाच आणि पुढाऱ्यांच्या अटकेचा संताप ही कारणे भजनावाचूनही तेथे हजर होती. भजनाने लोकांच्या ठायी क्रोध निर्माण केला नाही. ज्यांचा क्रोध पूर्वी घरोघर एकेकटा होता त्यांना एका लयीत एकत्र बसण्याची सवय त्याने लावली. ध्रुपद उचलणाऱ्या माणसाला आपल्या शेजाऱ्याचाही तोच आवाज आहे याची खात्री पटते. १६ ऑगस्टची मिरवणूक ज्या धैर्याने निघाली त्या धैर्याचा उगम या खात्रीत आहे.

याच विवेचनातून भजनाच्या शक्तीची मर्यादाही ध्यानात येते. लय समुदाय जमवू शकते. परंतु गोळी सुटल्यानंतर समुदाय काय करील, हे ती ठरवू शकत नाही. बालाजी रायपूरकराचा मृत्यू आणि त्यानंतर जमावाच्या हातून मारले गेलेले चार जण यांच्यामध्ये कोणतेही पद उभे नव्हते. मारले गेलेले अधिकारीही याच देशाची माणसे होती, हे विसरून चालणार नाही. आणि या सर्वाचे सर्वांत जड मोल मिरवणुकीत पुढे असलेल्यांपेक्षा घरात राहिलेल्या स्त्रियांना द्यावे लागले. गौरवपर लेखनात ही बाब पुसट होते. इतिहासाने ती पुसट होऊ देता कामा नये.

व्यापाराच्या व सत्तेच्या कक्षेबाहेर राहिलेल्या गायनाची ही शक्ती केवळ या अरण्यप्रदेशापुरती मर्यादित नाही. १९७७ मध्ये इंग्लंडातील एसेक्स परगण्यात एका जुन्या शेतघरात राहणाऱ्या मंडळींनी ‘क्रॅस’ नावाचा वाद्यवृंद काढला आणि आपल्या तबकड्या स्वतःच काढून त्यांच्या वेष्टणावर कमाल किंमत छापली. १९७८ मध्ये डेव्हन परगण्यात उदयास आलेल्या ‘अमीबिक्स’ने १९८५ मध्ये ‘अराइज’ ही तबकडी काढली. त्यांच्या जड, खरखरीत नादातून पुढे ‘क्रस्ट पंक’ हा संप्रदाय वाढला. हा वृंद १९८७ मध्ये विसर्जित झाला, तरी त्याचे अनुकरण इतर देशांत होत राहिले. गुळगुळीतपणाचा त्याग, साधनांची काटकसर आणि मोठ्या भांडवलावाचून पसरणे, या बाबतींत खंजिरीशी त्यांचे साम्य आहे. भेद मात्र मूलगामी आहे. इंग्लंडातील हे तरुण समाजापासून अलग होऊन आपला निषेध गात होते; खंजिरीने कोणालाही गावाबाहेर बोलाविले नाही. तिने गावालाच गायक बनविले. म्हणून तेथे वृंद मोडल्यावर मागे तबकड्या आणि अनुयायी उरले, तर येथे गायक तुरुंगात गेल्यावर मागे गाव उरला.

तुरुंगातून सुटल्यानंतर महाराजांच्या कार्याने जे वळण घेतले ते या दृष्टीने अभ्यसनीय आहे. श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या द्वारे सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आणि पहाटेची रामधून यांवर त्यांनी अधिकाधिक भर दिला. या प्रार्थनेत रांगा, वेळ आणि मौन यांना भजनाइतकेच स्थान आहे. जमलेल्या समुदायाला पेटविण्यापेक्षा त्याला स्वतःवर ताबा ठेवावयास शिकविणे हे अधिक कठीण आणि अधिक आवश्यक काम होय, अशी या रचनेमागील दृष्टी दिसते. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रामगीते’च्या ४१ अध्यायांत हीच दृष्टी गावाच्या समग्र जीवनास लावलेली आहे. त्याच वर्षी जपानमधील विश्वधर्म परिषदेस ते गेले तेव्हा खंजिरी त्यांच्या सोबत होती. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे त्यांचे देहावसान झाले. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. चंद्रपूर व गडचिरोली ही क्षेत्रे २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत आली.

आज या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक गावांत भजनमंडळे आहेत आणि खंजिरी भजनाच्या स्पर्धाही भरतात. स्पर्धा म्हटली की परीक्षक आले, गुण आले आणि ऐकणारा व गाणारा हा भेदही आला. ज्या भजनात गाव झीलकऱ्यांत सामील होत असे त्यास आता प्रेक्षक मिळू लागला आहे. खंजिरीचा हात सफाईदार झाला, पण ध्रुपद उचलणारे कंठ कमी झाले, तर तो लाभ म्हणावा की हानी, याचा निर्णय संगीतशास्त्राच्या आधारे करता येणार नाही. चिमूरचा इतिहास त्याचे उत्तर देतो. या परंपरेचे सामर्थ्य वाजविणाऱ्याच्या बोटांत नव्हते. ते समोर बसलेल्या माणसांनी दिलेल्या प्रतिसादात होते. तो प्रतिसाद जेथे टिकून आहे तेथे ही परंपरा जिवंत आहे, असे समजावे.