माहुली–तानसा परिसर

माहुली–तानसा परिसर : ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील जंगल, जलाशय आणि डोंगरपायथ्याचा मुलूख. कल्याण–कसारा लोहमार्गावरील खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव व खर्डी या स्थानकांवरून येथे जाता येते. ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील गिर्यारोहकांना, शाळा-महाविद्यालयांच्या निसर्गशिबिरांना आणि अलीकडे शनिवार-रविवारी तंबूत राहायला निघणाऱ्या मंडळींना लोकलच्या तिकिटात पोचता येईल असे हे मोठे रान. लोहमार्ग 1855 मध्ये वासिंदपर्यंत आणि 1861 मध्ये कसाऱ्यापर्यंत पोचला. मुंबई–नाशिक महामार्ग याच पट्ट्यातून जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातूनच. त्यामुळे शेतजमिनींवर ‘फार्महाऊस’ आणि ‘लेकव्ह्यू’ अशा पाट्या झपाट्याने वाढल्या आहेत. त्यांतील बऱ्याच पाट्यांवरचा ‘लेक’ प्रत्यक्षात दोन टेकड्यांपलीकडे असतो.

भूरचना काळ्या बेसाल्टची. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून सुटलेले डोंगर पश्चिमेकडे उतरत येतात आणि त्यांच्या पायथ्याला ओढ्यांनी कापलेली लहान-मोठी टेपाडे पसरलेली आहेत. पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत धो-धो पडतो आणि एवढा पाऊस पडूनही कातळात पाणी फारसे मुरत नाही. फेब्रुवारी उजाडताच बहुतेक ओढे कोरडे पडतात. जंगल मुख्यतः सागाचे आणि ऐनाचे. जोडीला खैर, धावडा, बोंडारा, हेद, कळंब, कुडा, कुंभा, पळस, मोह आणि ओढ्याकाठी बांबू. ऐनाचे खोड मगरीच्या पाठीसारखे चौकोनी भेगांचे असते, त्यामुळे नवख्यालाही ते लगेच ओळखता येते. जंगल पानझडी असल्याने जानेवारीनंतर सावली विरळ होत जाते आणि रात्री सागाच्या वाळल्या पानावरून साधा सरडा गेला तरी तंबूतल्या माणसाला बिबट्या आल्यासारखे वाटते. बिबटे येथे आहेतही, पण ते एवढा आवाज करत नाहीत.

तानसा अभयारण्य 1970 मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 320 चौ. किमी. असून ते शहापूरबरोबर शेजारच्या पालघर जिल्ह्यातही पसरले आहे. पक्षिनिरीक्षकांत या अभयारण्याचे नाव झाले ते ऑक्टोबर 2014 मध्ये येथे दिसलेल्या रानपिंगळ्यामुळे. 1873 मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला हा पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर कोणाला दिसला नव्हता. तो नामशेष झाला असे धरून चालले असताना 1997 मध्ये नंदुरबारकडच्या शहादा भागात तो पुन्हा सापडला. त्यानंतर तानशात त्याची नोंद होईपर्यंत पश्चिम घाटात तो असल्याचे ठाऊकच नव्हते. इतर पिंगळ्यांच्या मानाने तो दिवसा बराच जागा असतो. त्याला पाहण्यासाठी रात्रीच्या मुक्कामाची गरज नाही, सकाळची पहिली लोकल पुरते.

जलाशयांचा हिशोब सांगितल्याशिवाय येथील मुक्कामाचे नियम कळत नाहीत. तानसा धरण 1892 मध्ये पूर्ण झाले. दगडी बांधकामाची त्याची भिंत सुमारे 2.8 किमी. लांब आहे आणि विहार (1860) व तुळशी (1879) यांच्यानंतर मुंबईची तहान भागवणारा हा तिसरा तलाव. पुढे मोडकसागर (1957), ऊर्ध्व वैतरणा (1973), भातसा (1981) आणि मध्य वैतरणा (2014) यांची भर पडली. मुंबईला पाणी देणाऱ्या या सात तलावांचा एकत्रित उपयुक्त साठा 14,47,363 दशलक्ष लिटर. त्यात एकट्या भातशाचा वाटा 7,17,037 आणि तानशाचा 1,45,080 दशलक्ष लिटर. म्हणजे शहापूर तालुक्यातील दोन जलाशयच मुंबईच्या साठ्याचा निम्म्याहून अधिक भाग सांभाळतात. तानसा 128.63 मी. पातळीला भरून वाहू लागतो. त्याची बातमी जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येते आणि तिथले वाचक सुटकेचा श्वास टाकतात. याच तालुक्यातील डोंगराळ गावे-पाडे मात्र एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात. इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची योजना या पाड्यांसाठीच आखण्यात आली.

म्हणून तलावाच्या काठाला तंबू ही जाहिरातीतली कल्पना येथे फारशी चालत नाही. तानशाचा काठ पिण्याच्या पाण्याचा साठा म्हणून मुंबई महानगरपालिकेच्या राखणीत आहे, तर भोवतालचे रान अभयारण्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 27 प्रमाणे अभयारण्यात परवानगीविना प्रवेश नाही. कलम 30 प्रमाणे अभयारण्याला धोका पोचेल अशी आग पेटवणे हा गुन्हा आहे. शेकोटी हा तंबूच्या मुक्कामाचा जीव असला, तरी फेब्रुवारी ते मे या काळात सुकलेल्या सागपानांत ती पेटवणे हा शुद्ध अविचार होय. रीतसर मुक्काम होतात ते तीन ठिकाणी : गडपायथ्याच्या गावांत घराच्या अंगणात किंवा खळ्यावर, खासगी शेतावरील शिबिरांत आणि वन विभागाने परवानगी दिलेल्या जागी. यांपैकी खळ्यावरचा मुक्काम सर्वांत चांगला. शेणाने सारवलेली सपाट जागा, वाऱ्याला गवताच्या गंजीचा आडोसा, तांदळाची भाकरी आणि रस्सा, शिवाय घरमालकाच्या पदरात चार पैसे.

नद्यांत तानसा व भातसा प्रमुख. तानसा नदी धरणाखालून पश्चिमेकडे वाहत वज्रेश्वरीवरून जाते आणि वैतरणेच्या खाडीला मिळते. वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथे तिच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. वज्रेश्वरीचे आजचे देवालय चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसईचा किल्ला जिंकल्यानंतर नवस फेडण्यासाठी बांधवले, अशी परंपरा आहे. हिवाळ्यातील तंबूची सहल तानशाकाठच्या कुंडात आंघोळ करून संपवायची, ही अनेक मंडळांची ठरलेली रीत.

भातसा नदी खडवली स्थानकाच्या जवळून वाहते, त्यामुळे गर्दी तेथेच अधिक. कल्याणहून निघालेला माणूस अर्ध्या तासात नदीकाठी पोचतो. काठ उतरता आणि पाणी संथ दिसते, पण नदीचा स्वभाव वरच्या धरणाच्या हाती आहे. धरणाचे दरवाजे उघडल्यावर खडवलीत एक थेंब पाऊस नसतानाही पातळी चढते. वाळूउपशाने झालेले डोह आणि शेवाळलेले कातळ यांमुळे येथे बुडण्याच्या घटना वारंवार घडतात. बुडणारे बहुतेक जण काठावर राहणारे नसून दिवसभरासाठी आलेले शहरी तरुण असतात. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धरणे, धबधबे व नदीकाठ येथे मनाई आदेश काढते. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघे. जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 163 लागू आहे. पर्यटक या आदेशाला आजही सवयीने ‘एकशे चव्वेचाळीस’ म्हणतात आणि सवयीनेच मोडतात.

माहुली (858 मी.) हा या परिसराचा मानबिंदू. पळसगड, माहुली व भंडारगड अशा तीन भागांचा हा जोडकिल्ला आसनगावपासून चार-पाच किलोमीटरवर आहे. नवरा, नवरी, भटोबा आणि वजीर हे त्याचे सुळके रेल्वेच्या डब्यातूनही दिसतात. वजीर प्रस्तरारोहकांत विशेष मान्यता पावलेला. 1636 मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीचा अखेरचा झुंजार प्रयत्न याच गडावरून केला. मोगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यापुढे गड सोडावा लागला आणि निजामशाही संपली. पुढे शिवाजी महाराजांनी गड घेतला, 1665 च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि 1670 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी परत मिळवला. पायथ्याच्या माहुली गावात वन विभागाचे प्रवेशनाके आहे. चढाई दोन ते तीन तासांची असून माथ्याजवळ लोखंडी शिडी लागते. गडमाथ्यावर मुक्कामाचे आकर्षण मोठे, तथापि टाक्यातील पाणी हिवाळ्यानंतर भरवशाचे राहत नाही. पायथ्याशी रात्र काढून पहाटे चढणेच शहाणपणाचे.

वस्ती मुख्यतः ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली व कुणबी यांची. भातशेती, रानमेवा, मजुरी आणि आता पर्यटकांची उठबस यांवर तिचा निर्वाह चालतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचण्यासाठी बायका-पोरे अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघतात, दिवस वर येईपर्यंत टोपली भरते आणि फुले अंगणात वाळत पडतात. झाडाखाली तंबू ठोकून सकाळी नऊपर्यंत झोपणाऱ्याने त्या घराचा एका दिवसाचा वेच बुडवलेला असतो, हे त्याच्या गावीही नसते. जागा निवडताना झाड मोहाचे नाही ना, हे पाहून घ्यावे.

मुक्कामाचा उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दव भरपूर पडते, म्हणून तंबूला वरचे आच्छादन हवेच. कोरडा दिसला तरी ओढ्याच्या पात्रात तंबू लावू नये. फुरसे, घोणस आणि मण्यार हे तिन्ही विषारी साप या भागात आढळतात. बूट तंबूच्या आत ठेवावेत, सकाळी झटकूनच घालावेत आणि रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वा दूरच्या खासगी दवाखान्याकडे वेळ न दवडता शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. मार्चनंतर येणाऱ्यांनी पिण्याचे आणि भांड्यांचे पाणी घरूनच भरून आणावे. त्या दिवसांत पाड्यावरच्या विहिरीत उतरलेला प्रत्येक हंडा तिथल्या एखाद्या घराच्या वाट्याचा असतो.