प्यालेल्याला लागत नाही?

लहानपणी आमच्या गावात मी ऐकत आलो, की प्यालेल्याला लागत नाही. अंग सैल असतं, म्हणून तो वाचतो. १९७९ साली धाकटे काका पिऊन रात्री जीप काढत होते, तेव्हा याच भरवशावर घरात कुणी त्यांना अडवलं नाही. मीही नाही. काका जागीच गेले.

हा समज अमेरिकेतही होता. कारण साधं आहे. इस्पितळात पोचतो तो वाचलेला. जागीच गेलेला तिथं दिसतच नाही. (आमच्या पारावरही वाचलेलेच बोलत.) रॉबर्ट बोर्कनस्टाईन यांच्या १९५४ च्या श्वासयंत्रानं चालक किती प्यालाय ते मोजता येऊ लागलं. पण इजा किती होते, हा प्रश्न वेगळा. १९८६ साली पॅट्रिशिया वॉलर आणि सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या अपघातांत सापडलेल्या १० लाखांहून अधिक चालकांच्या नोंदी तपासल्या. वेग, पट्टा, वय, गाडीचं वजन, तिचा झालेला चेंदामेंदा, सारं जमेस धरलं. तशाच धडकेत प्यालेला चालक गंभीर जखमी होण्याचा किंवा दगावण्याचा संभव अधिक निघाला.

हे मी वाचलं ते निवृत्तीनंतर. काकूंना मात्र सांगितलं नाही.