तयार विणीच्या नळीतून बिनबोटांचे हातमोजे

थंडीत लिहिताना अथवा संगणकावर काम करताना पूर्ण हातमोजे अडचणीचे ठरतात. तळहात व मनगट झाकून बोटे मोकळी ठेवणारे हातमोजे हा त्यावरचा सोपा उपाय. ते विणण्यातील वेळखाऊ भाग म्हणजे लांब नळी. ती तयार मिळाली, तर उरतो केवळ अंगठा.

नळी कोणती?

हाताने फिरवायच्या गोल विणकाम यंत्रावर अशी नळी झटपट निघते. पहिल्या महायुद्धात सैनिकांचे मोजे याच यंत्रांवर विणले जात. यंत्र नसल्यास जुन्या स्वेटरची बाही चालते. मात्र धुऊन आटलेली, घट्ट झालेली लोकर टाळावी. तिचे टाके उसवत नाहीत. नळीचा घेर तळहाताच्या घेरापेक्षा किंचित कमी असावा.

अंगठ्याची जागा

नळी हातात घालून अंगठ्याच्या मुळाशी खूण करावी. कात्री लावण्यापूर्वी खुणेच्या ओळीच्या लगत खालच्या व वरच्या ओळीतील प्रत्येकी आठ टाके बारीक सुयांवर घ्यावेत. ही खबरदारी महत्त्वाची आहे. सुटलेला टाका उभा घसरत जातो व कापडावर शिडी पडते. त्यानंतर मधल्या ओळीतील एकच टाका कापून धागा दोन्ही बाजूंना चार-चार टाके उसवावा. उरलेली टोके आतून ओवून टाकावीत. विणलेल्या कापडात असा छेद घेण्याची रीत एलिझाबेथ झिमरमन (१९१०-१९९९) यांनी लोकप्रिय केली.

अंगठा आणि कडा

दोन्ही कोपऱ्यांत एक-एक टाका जादा उचलावा, अन्यथा तेथे भोक राहते. एकूण १८ टाके चार सुयांवर वाटून गोल विणावेत. दहा सेंटिमीटरमध्ये २४ टाके येणाऱ्या विणीसाठी हे प्रमाण आहे. जाड लोकरीसाठी टाके कमी घ्यावेत. दोन-तीन सेंटिमीटर झाल्यावर टाके सैल बंद करावेत.

नळीच्या दोन्ही तोंडांवर टाके उचलून एक सुलट, एक उलट अशी पट्टी विणावी. त्यामुळे कडा गुंडाळत नाही. विणकाम जेथे संपले, त्या टोकाकडून नळी सहज उसवते. सुरुवातीच्या टोकाकडून धागा अडतो.

साध्या नळीचे दोन्ही हातमोजे सारखेच असतात. नक्षी असल्यास मात्र डाव्या-उजव्याचे छेद परस्परविरुद्ध बाजूंना घ्यावेत. कापलेला टाका पूर्ववत होत नाही. म्हणून पहिला हातमोजा घालून पाहिल्यावरच दुसऱ्याला कात्री लावावी.