मिसेस बेनेटचा हिशोब

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मी पहिल्यांदा बघितली तेव्हा १९ वर्षांची होते. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, सबमिशनचा आठवडा, आणि हॉस्टेलच्या खोलीत एका लॅपटॉपसमोर आम्ही पाच जणी. सहा भाग, साधारण साडेपाच तास, एकाच रात्रीत. चौथ्या भागात डार्सी तळ्यात पोहून ओल्या शर्टात चालत येतो, तेव्हा आमच्या खोलीत एवढा आरडाओरडा झाला की रेक्टर मॅडम वर आल्या. मिसेस बेनेटला मात्र आम्ही रात्रभर हसलो. पाच मुलींची ती आई, सतत किंचाळणारी, ‘माझ्या जिवाची काय दशा झालीय’ म्हणत पलंगावर पडणारी. तिची नक्कल करणं हा पुढे वर्षभर आमचा टाइमपास होता.

दुसऱ्यांदा बघितली ती गेल्या दिवाळीत, आईबरोबर. आता मी २८ची. घरात ‘स्थळ’ हा शब्द रोज एकदा तरी निघतो आणि मुलाच्या नावाआधी त्याचं पॅकेज सांगितलं जातं. आईला इंग्रजी वाचता येतं, पण सबटायटल्सचा वेग झेपत नाही, म्हणून मी थांबवून थांबवून सांगत होते. पहिल्याच भागात मिसेस बेनेट सुरू झाली आणि मी सवयीने हसले. आई हसली नाही.

“हसतेस काय तिला? त्या घरात हिशोब फक्त तिलाच येतोय.”

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितेय.

ओल्या शर्टाची मालिका

ही मालिका बीबीसीवर सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९९५मध्ये दाखवली गेली. पटकथा अँड्र्यू डेव्हिसची, दिग्दर्शन सायमन लँगटनचं. एलिझाबेथ झाली जेनिफर एली, डार्सी झाला कॉलिन फर्थ. एक कोटीच्या आसपास लोक टीव्हीसमोर बसत. मालिका संपायच्या आधीच व्हिडिओ कॅसेट बाजारात आल्या आणि पहिली खेप दोन तासांत संपली. ‘ब्रिजेट जोन्स’मधला मार्क डार्सी याच डार्सीवरून आला, आणि पुढे सिनेमात ती भूमिका फर्थनेच केली. तळ्याचा प्रसंग कादंबरीत नाहीच, तो डेव्हिसने घातला. तो शर्ट २०२४मध्ये लिलावात २०,००० पौंडांना विकला गेला.

जेन ऑस्टिनच्या या कादंबरीवर आधी आणि नंतरही बरंच काही निघालं. १९४०चा हॉलिवुडपट, १९८०ची बीबीसीचीच मालिका, २००५चा सिनेमा. तरी तीस वर्षांनंतरही लोक परत परत जातात ते १९९५कडे. याचं उत्तर बहुतेक जण शर्टाने देतात. पण शर्ट एकदाच बघून होतो. दहाव्यांदा मालिका लावणारी माणसं कशासाठी लावतात?

माझं उत्तर असं की या मालिकेत प्रेमाच्या खाली पैशाचा एक पक्का हिशोब आहे आणि डेव्हिसने तो कापला नाही. दोन तासांच्या सिनेमात आकडे पहिले उडतात. साडेपाच तासांत ते बसतात. पहिल्या दृश्यात दोन तरुण घोड्यांवरून एक बंगला बघायला येतात, आणि लगेच कोणाचं उत्पन्न किती याची चर्चा सुरू होते. डेव्हिसने स्वतःच म्हटलंय की या कथेला पळवणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे पैसा आणि शारीरिक ओढ. आपण दुसरी बघतो आणि पहिली ऐकून सोडून देतो.

२५० पट

तर आकडे. डार्सीचं वार्षिक उत्पन्न १०,००० पौंड. त्याचा मित्र बिंगलीचं चार-पाच हजार. बेनेट कुटुंबाच्या लाँगबोर्न इस्टेटीचं २,००० पौंड. म्हणजे बेनेट मंडळी गरीब नाहीत. स्वयंपाकी आहे, नोकरचाकर आहेत, घोडे आहेत. अडचण अशी की हे सगळं मिस्टर बेनेट जिवंत असेपर्यंतच.

त्या काळात इंग्लंडमधली बडी घराणी जमीन अशा अटीने बांधून ठेवायची की ती फक्त पुरुष वारसाकडेच जाईल. तिला ‘एन्टेल’ म्हणायचे. आजच्या मालकाने उत्पन्न खावं, पण जमीन विकू नये, वाटू नये. कारण जमीन म्हणजे नुसतं धान्य आणि खंड नव्हतं. पार्लमेंटचं मत, गावातला मान, मुलाची कारकीर्द सगळं जमिनीला चिकटलेलं. तुकडे पडले की घराणं उतरलं. म्हणून मुलींना रोकड आणि मुलाला जमीन.

ही अट मोडण्याचा एक मार्ग होता. मुलगा वयात आला की बाप आणि मुलगा मिळून ती रद्द करू शकत. मिस्टर बेनेट त्याच भरवशावर होते: मुलगा होईल, मग बघू. म्हणून बचत केली नाही. पाच मुली झाल्या. आता ते मेले की घर, शेत, लायब्ररी सगळं कोणा लांबच्या मिस्टर कॉलिन्सचं.

राहतील ते ५,००० पौंड, पाच मुलींत वाटून प्रत्येकी १,०००, तेही आईच्या पश्चात. चार टक्के व्याजाने वर्षाला ४० पौंड. एलिझाबेथचे ४० आणि डार्सीचे १०,०००: २५० पट. आणि बाप गेला की आई आणि पाच मुलींच्या घराचं उत्पन्न २,०००वरून साधारण २००वर. वर राहतं घर सोडायचं.

मध्यमवर्गातली मुलगी नोकरीही करू शकत नव्हती, एक गव्हर्नेसपणा सोडून. लग्न झालं की तिच्याकडची रोकड, दागिने, कमाई कायद्याने नवऱ्याची व्हायची. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता ठेवायचा पुरता हक्क मिळाला तो १८८२च्या कायद्याने, कादंबरी छापल्यानंतर ६९ वर्षांनी.

आता या आकड्यांसमोर मिसेस बेनेटचं किंचाळणं ठेवून बघा. कादंबरीत एक मजेशीर जागा आहे. जेन आणि एलिझाबेथ आईला ही अट समजावून सांगायचा प्रयत्न करतात आणि तिच्या डोक्यात काही शिरत नाही. वाचक हसतो. पण ती म्हणते काय? पाच मुलींच्या डोक्यावरचं छप्पर काढून कोणाला काही घेणंदेणं नसलेल्या माणसाला देणं हा क्रूरपणा आहे. कायदा तिला कळला नसेल, अन्याय बरोबर कळलाय. मिस्टर बेनेटना कायदा कळतो, विनोदही कळतो, आणि ते दार लावून पुस्तक वाचत बसतात. आम्ही हॉस्टेलवर ते ‘कूल बाबा’ ठरवले होते.

ॲलिसन स्टेडमनने ही भूमिका कर्कश केली अशी टीका पूर्वीपासून आहे. आईबरोबर बघताना मला वाटलं, आग लागल्यावर बाकीचे शांत बसलेत म्हणून ओरडणारा माणूस वेडा दिसतोच.

२७ वर्षांची शार्लट

एलिझाबेथ कॉलिन्सला नकार देते, आणि तिची मैत्रीण शार्लट ल्यूकस त्याच्याशी लग्न ठरवते. शार्लट २७ वर्षांची. १९व्या वर्षी मी तिला माफ केलं नव्हतं. मालिकेत नंतर एलिझाबेथ तिच्या घरी राहायला जाते. शार्लट तिला स्वतःची बसायची खोली दाखवते आणि सांगते की नवऱ्याला बागकामाचं मी फार उत्तेजन देते, कधीकधी दिवसभरात आमची गाठ जेमतेम काही मिनिटं पडते. लूसी स्कॉट हे इतक्या शांतपणे बोलते की त्यात तक्रार शोधून सापडत नाही. तिने सौदा केलाय, अटी तिला माहीत होत्या, आणि एक खोली तिला मिळाली आहे.

ही गोष्ट लिहिणाऱ्या बाईने तो सौदा स्वतः नाकारला होता. डिसेंबर १८०२मध्ये हॅरिस बिग-विदर नावाच्या श्रीमंत घरच्या वारसाने जेनला मागणी घातली. संध्याकाळी ती हो म्हणाली आणि सकाळी तिने नकार दिला. दोन आठवड्यांनी तिला २७वं लागणार होतं. १८०५मध्ये वडील गेले, आणि ती, बहीण आणि आई भावांच्या मदतीवर आल्या. १८०९मध्ये एडवर्ड नावाच्या भावाने त्यांना चॉटनमध्ये एक घर राहायला दिलं. तो श्रीमंत नातेवाइकांकडे दत्तक गेलेला, त्यांच्या इस्टेटीचा वारस. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३मध्ये छापली गेली. तिचे सगळे हक्क जेनने ११० पौंडांना विकले होते. तिला १५० हवे होते.

आणि जिने सौदा केला तीही याच घरात होती. जेनच्या वडिलांची बहीण फिलाडेल्फिया, म्हणजे तिची आत्या. आईवडील लहानपणी गेलेले, हुंड्याला पैसे नाहीत. लंडनमध्ये टोप्या शिवायच्या दुकानात उमेदवारी केली आणि १७५२मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, ‘बॉम्बे कॅसल’ नावाच्या जहाजावर चढून ती हिंदुस्थानात आली. इथे कंपनीचे गोरे नोकर भरपूर आणि गोऱ्या मुली थोड्या. मद्रासला उतरल्यावर सहा महिन्यांत तिचं हॅनकॉक नावाच्या सर्जनशी लग्न झालं. त्यांच्या मुलीचा गॉडफादर वॉरन हेस्टिंग्ज. तोच, ज्याच्या गव्हर्नर जनरलपदाच्या काळात राघोबादादांवरून सुरू झालेलं इंग्रज-मराठा युद्ध झालं आणि १७८२मध्ये सालबाईचा तह झाला. त्याने या मुलीच्या नावे १०,००० पौंड ठेवले. म्हातारपणी हेस्टिंग्जने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ वाचली, त्याला आवडली, आणि हे कळल्यावर जेनला फार आनंद झाला असं तिच्या पत्रात आहे.

जेनने १६-१७व्या वर्षी लिहिलेल्या एका अपुऱ्या गोष्टीत एका अनाथ मुलीला बंगालला नवरा शोधायला पाठवतात. तिथे तिचं लग्न चांगलं होतं आणि ती दुःखी असते. एलिझाबेथ आणि शार्लट दोघी कुठून आल्या हे शोधायला जेनला घराबाहेर जावं लागलं नाही.

हक्कसोड

तिसऱ्या दिवशी, कॉलिन्स लाँगबोर्नमध्ये जेवणाच्या खोलीचं कौतुक करतो तो प्रसंग आईने परत लावायला सांगितला. तो आदराने बोलतोय, पण उद्या हे आपलंच आहे म्हणून फर्निचर न्याहाळतोय. मग आई म्हणाली, “हक्कसोडीच्या दिवशी सगळे असेच गोड बोलत होते.”

माझं आजोळ साताऱ्याकडचं. मिताक्षरेप्रमाणे एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मुलग्याला जन्मतःच हिस्सा असायचा आणि मुलीला नसायचा. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला, पण भावासारखा जन्मसिद्ध हक्क दिला नाही. महाराष्ट्राने तो दिला २२ जून १९९४ला. म्हणजे इंग्लंडमध्ये या मालिकेचं चित्रीकरण सुरू झालं त्याच महिन्यात. पण त्यात एक कलम होतं: या तारखेआधी लग्न झालेल्या मुलीला हा हक्क नाही. आईचं लग्न मे १९९३मधलं. तेरा महिन्यांनी हुकलं.

२००५मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि लग्नाची ती अट गेली. पुढे २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, २००५मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. आजोबा २०११मध्ये गेले, तेव्हा आईला पूर्ण हक्क होता. २०१२मध्ये तिने दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. जबरदस्ती कोणी केली नाही. मामांनी साडी घेतली, मामींनी पुरणपोळी केली, आणि भाऊबीज चालू राहिली.

“मग केलीस कशाला?” मी विचारलं.

“माहेर पाहिजे होतं मला,” आई म्हणाली.

इंग्लंडच्या त्या अटीला पाच मुलींच्या सह्या लागत नव्हत्या. आपल्याकडे कायदा आता बहिणीच्या बाजूने आहे आणि उरलेलं काम आम्ही सहीने करतो. मालिका लावली की आमच्यासारख्या घरांत कोणीतरी रिमोट हातात धरून थांबतं, ते मला वाटतं अशा कुठल्यातरी आकड्यापाशी. प्रत्येकीचा आकडा वेगळा असतो.

मग आईने मला विचारलं, “उद्या बाबांच्या गावच्या जमिनीचं असंच आलं, तर तू काय करशील?”

मी विचारही न करता म्हणाले, “मला काय करायचीय जमीन? धाकट्याला राहू दे. मला पगार आहे.”

“मीही हेच म्हटलं होतं,” आई म्हणाली. “आणि मला पगार नव्हता.”

त्या रात्री मी पहिल्यांदा बाबांच्या गावचा सातबारा ऑनलाइन उघडून बघितला. त्यावर बाबांचं नाव होतं, काकांचं होतं. माझं नाव असायचं कारण नव्हतं, बाबा हयात आहेत. पण आत्याचंही नव्हतं.