पाणी वाचवायचे ते नकाशातच

पाणीबचत म्हटली की नळ घट्ट बंद करा, शॉवरऐवजी बादली वापरा, अशा सूचना गृहनिर्माण संस्थांच्या फलकांवर झळकू लागतात. त्या योग्यच आहेत. परंतु बहुमजली इमारतीला किती पाणी लागणार, याचा बराचसा निर्णय पहिला रहिवासी येण्यापूर्वीच वास्तुविशारदाच्या नकाशावर झालेला असतो.

शहरी निवासी इमारतींचे आराखडे करताना सर्वसाधारणपणे माणशी दररोज १३५ लिटर पाणी गृहीत धरले जाते. त्यांपैकी ४५ लिटर, म्हणजे एक तृतीयांश, केवळ शौचालयातील फ्लशसाठी असते. मुंबईपुरते बोलायचे तर शहापूर तालुक्यातील भातसा आणि तानसा यांसारख्या जलाशयांतून हे पाणी येते, त्यावर शुद्धीकरणाची प्रक्रिया होते, पंपाने ते गच्चीवर चढते आणि अखेर मैलापाणी म्हणून वाहून जाते. त्याच शहापूर तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हेही येथे नमूद करावयास हवे.

यावर उपाय म्हणजे दुहेरी नळयोजना. पिण्याच्या, स्वयंपाकाच्या व स्नानाच्या पाण्यासाठी एक टाकी व नळवाहिनी. फ्लश, बाग आणि गाड्या धुण्यासाठी दुसरी. मुंबईतील अनेक इमारतींच्या गच्चीवर फ्लशची टाकी वेगळी असते. मात्र दोन्ही टाक्यांत पालिकेचेच पाणी सोडले जात असेल, तर ही विभागणी नाममात्र ठरते. दुसऱ्या टाकीत कूपनलिकेचे, पावसाचे किंवा स्नानगृहातील शुद्ध केलेले सांडपाणी जायला हवे. त्यासाठी स्नानगृह आणि शौचालयाच्या निचऱ्याच्या वाहिन्या मुळातच स्वतंत्र असाव्या लागतात. स्वयंपाकघरातील तेलकट पाणी त्यात मिसळू नये. दोन नळवाहिन्यांचे रंग निराळे ठेवणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम. दुरुस्तीच्या वेळी चुकीची जोडणी झाली, तर अशुद्ध पाणी थेट स्वयंपाकघरात पोहोचते.

हे सारे इमारत उभी राहिल्यानंतर करणे महाकठीण. प्रत्येक सदनिकेतील लाद्या फोडाव्या लागतात आणि त्याला सर्वसाधारण सभेत एकमत होणे, हे पाणी मिळण्याहून दुर्मिळ!

पावसाच्या पाण्याचा हिशेब सोपा आहे. मुंबईत वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी चार महिन्यांत. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला आणि वीस टक्के वाया गेला, असे धरले तरी आठ लाख लिटर पाणी हाती येते. चौघांच्या कुटुंबाच्या ४० सदनिका असलेल्या इमारतीला फ्लशसाठी दररोज ७,२०० लिटर, म्हणजे पावसाळ्याच्या १२० दिवसांत सुमारे साडेआठ लाख लिटर लागतात. पाऊस मापून पडत नाही. पण ५० हजार लिटरची टाकी तळघरात असेल, तर आठवड्याची उघडीप निभावते. पहिल्या सरींचे गढूळ पाणी बाहेर सोडण्याची तोटी आणि वाळू-खडीची गाळणी एवढी व्यवस्था पुरेशी असते.

मुंबईत २००२ साली एक हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण सक्तीचे झाले. पुढे ही मर्यादा बदलत गेली. तामिळनाडूने २००३ मध्ये सर्वच इमारतींना ही सक्ती केली. मात्र नियमपूर्तीसाठी कोपऱ्यात खणलेला शोषखड्डा म्हणजे संधारण नव्हे. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा आहे. अखंड कातळात पाणी मुरत नाही, ते भेगांतून आणि झिजलेल्या थरांतूनच खाली उतरते. त्यामुळे जमिनीची पाहणी न करता खणलेला खड्डा पहिल्याच पावसात तुंबतो. अशा जागी साठवण टाकीच उपयोगी.

उंच इमारतींत आणखी एक मुद्दा निसटतो, तो दाबाचा. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब वाढतो. विसाव्या मजल्यावरील टाकीचे पाणी थेट खाली आणले, तर तळमजल्याचा नळ किंचित उघडताच धो धो वाहतो. मधल्या मजल्यांवर दाब कमी करणाऱ्या झडपा बसवल्या की रहिवाशाला न जाणवता पाणी वाचते. तीन आणि सहा लिटरच्या दुहेरी फ्लशचेही तसेच. जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी सोडत.

हा विचार मुंबईला नवा नाही. बोरिवलीच्या जंगलातील कान्हेरी लेण्यांत भिक्षूंच्या निवासालगत खडकात पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, कोरलेली आहेत आणि उतारावरचे पावसाचे पाणी त्यांत वळवण्यासाठी कातळात पन्हळी खोदलेल्या आहेत.